जुना चढाईपटू परत घेताना
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोयाबीन घरात आले की विदर्भात गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात, आणि मंडळांमध्ये पहिला वाद पेटतो तो खेळाडूंवरून. यंदा निवडलेली पत्रे त्याच वादातली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाचा मुख्य चढाईपटू दोन हंगामांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या मंडळाकडे गेला. त्यांनी यंदा त्याला मोकळा केला. वय ३५. परत यायला तयार आहे, पण हंगामाचे २० हजार एकरकमी मागतो. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. घ्यावा की नाही?
– मंडळाचे सचिव, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : आधी गुणपत्रके मिळवा, मग बैठक घ्या. गेल्या हंगामात तो जिथे जिथे खेळला त्या आयोजकांकडे ती असतात. सहा-सात सामन्यांची तरी हवीत. त्याच्या प्रत्येक चढाईची नोंद तीन रकान्यांत करा : गुण आणला, रिकामा आला, पकडला गेला. गावात चर्चा होते ती फक्त पहिल्या रकान्याची, आणि मंडळे फसतात तीही तिथेच.

समजा त्याने ६० चढायांत २६ गुण आणले आणि तो १४ वेळा सापडला. तुमच्याकडच्या २१ वर्षांच्या पोराने तेवढ्याच चढायांत २४ गुण आणले, पण तो २१ वेळा सापडला. बोलताना दोघे सारखेच वाटतात. पण प्रत्येक पकडीचा एक गुण समोरच्याला जातो. ते वजा केले तर जुन्याची शिल्लक १२ उरते, नव्याची ३. शिवाय सापडलेला गडी बाहेर बसतो आणि त्याला उठवायला दुसऱ्या कोणाला तरी समोरचा गडी बाद करावा लागतो. बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या नुसत्या बोनस गुणाने आपला गडी उठत नाही, हे अनेक कार्यकर्त्यांच्या हिशेबात नसते. म्हणून २६ पैकी बोनसचे किती आणि स्पर्शाचे किती, हेही वेगळे काढा. सगळे बोनसचेच असतील तर फलक हलतो, पण मैदानावर तुमचे चारच गडी उरलेले असतात.

दुसरे बघायचे ते सामन्याची शेवटची दहा मिनिटे. वयाबरोबर आधी जाते ती परतीची चाल. पुरुषांच्या मैदानाची आपली बाजू साडेसहा मीटर खोल. निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस रेषा त्याच्या एक मीटर पुढे. म्हणजे बोनस घेणाऱ्याला पावणेपाच मीटर परत यायचे असते, तेही कोपऱ्यातला गडी घोट्याकडे झेपावत असताना. पस्तिशीचा चढाईपटू आत पोचतो बरोबर. अडकतो तो परत येताना. गुणपत्रकात उत्तरार्धातल्या पकडी पूर्वार्धापेक्षा दुपटीने असतील तर तो दमतो, हे पक्के समजा.

कागद झाला की मैदानावर चाचणी. तुमच्या पूर्ण सात जणांसमोर त्याला दहा चढाया करायला लावा, दोन चढायांमध्ये दीड मिनिटाची विश्रांती द्या. सामन्यात मुख्य चढाईपटूची पाळी साधारण याच अंतराने येते. पहिल्या सात चढाया बघून टाळ्या वाजवा आणि शेवटच्या तीन बघून निर्णय घ्या. निदान रेषा जेमतेम ओलांडून तो लगेच मागे फिरू लागला तर दम संपला. एक दिवस सोडून तिसऱ्या दिवशी सकाळी तीच चाचणी पुन्हा घ्या. गुडघा किंवा पोटरी दुखावलेली असेल तर ती पहिल्या दिवशी लपते, तिसऱ्या दिवशी लपत नाही. ‘एवढ्या वर्षांच्या गड्याची काय परीक्षा घेता’ असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

चाचणीत उतरला तर घ्या, पण मुख्य चढाईपटू म्हणून नको. त्याच्यासाठी दोन कामे राखा. तुमच्या स्पर्धेत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीला गुण सक्तीचा असा नियम असेल, तर ती तिसरी चढाई त्याची. आणि आघाडी असताना घड्याळ खाणे त्याचे. चार गुणांची आघाडी आहे, तीन मिनिटे उरलीत. ३० सेकंदांच्या हिशेबाने सहा चढाया होतात, त्यातल्या तुमच्या तीन. नवा पोरगा पहिल्याच चढाईत हिरो व्हायला जातो आणि सापडतो. जुना गडी पहिल्या दोन्ही चढायांचे ३० सेकंद पूर्ण काढून, निदान रेषा ओलांडून सुखरूप परत येतो. तेवढ्यात निम्मा वेळ गेलेला असतो. हे काम गुणपत्रकात शून्य दिसते, म्हणून त्याचे पैसे ठरवताना कोणालाच ते आठवत नाही.

आता २० हजारांचे. रक्कम कमी करू नका, तिचे तुकडे करा. हंगामात आठ स्पर्धा धरल्या तर सुरुवातीला ४ हजार, प्रत्येक स्पर्धेला हजर राहून खेळल्यास १,२०० म्हणजे ९,६००, आणि संघ उपांत्य फेरीत गेल्यास दर स्पर्धेला ८०० म्हणजे जास्तीत जास्त ६,४००. बेरीज २० हजारच होते. फरक असा की तिसऱ्या स्पर्धेत तो जायबंदी झाला तर मंडळाचे किमान १० हजार अडकत नाहीत. एकरकमीच हवे म्हणून तो अडून बसला, तर आपले अंग किती साथ देणार आहे हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे असे समजायला हरकत नाही.

आणि एक, ज्यावरून मंडळे फुटतात. संघ १२ जणांचा असतो. तो आत आला की कोणीतरी एक बाहेर जाणार. त्या पोराला ते तुमच्या तोंडून आधी कळू द्या, पानठेल्यावर नको. कप्तानपद परत देण्याचे आश्वासनही आत्ता देऊ नका.

प्रश्न : मी मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल बघतो. तिथे संघ आपल्याच जुन्या वाइड रिसीव्हरशी फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात, पुन्हा करार करतात. खेळाडू आपलाच असेल तर त्याला बाजारात जाऊच कशाला देतात? आपल्या प्रो कबड्डीत असे असते का?
– कृषी पदविकेचा विद्यार्थी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : वाइड रिसीव्हर म्हणजे बाजूने ठरलेल्या मार्गावर धावून क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा गडी. त्याची किंमत पहिल्या काही पावलांतल्या वेगावर ठरते, म्हणून तिशी ओलांडली की संघ लांबचे करार टाळू लागतात.

एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, चार हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूचा करार संपला की तो पूर्ण मोकळा होतो. नवे वर्ष मार्चच्या मध्याला सुरू होते. त्याच्या दोन दिवस आधीपासून इतर संघांना त्याच्या एजंटशी बोलता येते, जुन्या संघाला मात्र त्याही आधी, कधीही. तरीही संघ थांबतो, कारण भाव कळत नसतो. पस्तिशीकडे झुकलेल्या रिसीव्हरला दुसरे कोणी किती देणार हे बाजारानेच सांगावे, आणि फार कोणी विचारले नाही तर तो स्वस्तात परत यावा, हा त्यामागचा सरळ हिशेब. धोका एवढाच की दुसऱ्या संघाने खरोखरच मोठी बोली लावली तर तो जातो. संघाने त्याच्यावर टॅग लावून, म्हणजे तो आपल्यासाठी राखून, ठेवला नसेल, तर ती बोली जुळवून त्याला थांबवण्याचा हक्क जुन्या संघाकडे राहत नाही.

दुसरे कारण पगाराची कमाल मर्यादा. २०२५ साली ती प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती, आणि तिच्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. करार करतानाचा बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण मर्यादेच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो. त्यासाठी संघ कराराला पुढची नावापुरती वर्षे जोडतात, जी ठरलेल्या तारखेला आपोआप रद्द होतात. गोम इथे आहे. ती तारीख उलटण्याआधी नवा करार झाला तर जुन्या बोनसचे हप्ते पसरलेलेच राहतात. तारीख उलटली की उरलेले सगळे हप्ते एकदम त्या वर्षाच्या मर्यादेत येऊन पडतात, मग तोच खेळाडू दुसऱ्या दिवशी परत आला तरी. म्हणून काही जुने खेळाडू बाजार उघडायच्या तोंडावर घाईघाईने सही करताना दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटते हे प्रेमापोटी.

एक वर्षाच्या करारात पैसे पसरवून ठेवतात. मूळ पगार लहान, प्रत्यक्ष मैदानात उतरायला सज्ज असलेल्या प्रत्येक सामन्याचे वेगळे पैसे (हंगामात साखळीचे १७ सामने असतात), आणि इतके झेल किंवा इतके यार्ड गाठले तर बोनस. जो टप्पा त्याने गेल्या वर्षी गाठला होता तो यंदाही गाठणारच असे धरून त्याचा बोनस आधीच मर्यादेत मोजतात. न गाठलेल्या टप्प्याचा बोनस मिळाल्यावरच मोजतात. त्यामुळे मागच्या वर्षी दुखापतीने बाहेर बसलेल्या रिसीव्हरला भरघोस बोनस कबूल करणे संघाला सोपे जाते.

सगळ्यात चांगले उदाहरण लॅरी फिट्झगेराल्डचे. २००४ ते २०२० हे १७ हंगाम तो ॲरिझोना कार्डिनल्सकडेच खेळला, शेवटी शेवटी एकेक वर्षाच्या करारावर. वेग उतरू लागला तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला कडेवरून काढून आतल्या जागेवर, स्लॉटमध्ये आणले. तिथे सरळ धावण्यापेक्षा मोकळी जागा ओळखणे, मजबूत हात आणि अडवणूक करण्याची तयारी लागते. तिथून त्याने २०१५ मध्ये १०९, २०१६ मध्ये १०७ आणि २०१७ मध्ये पुन्हा १०९ झेल घेतले. २०१७ मध्ये तो ३४ वर्षांचा होता. जागा बदलली नसती तर हे आकडे दिसले नसते. दर्यापूरच्या सचिवांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.

प्रो कबड्डीत जुन्या संघाचा हात थोडा वर असतो. लिलावात दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली जुळवून आपला खेळाडू परत घेता येतो, त्याला फायनल बिड मॅच म्हणतात. २०२३ मध्ये बंगाल वॉरियर्सने चढाईपटू मनिंदर सिंगला असेच २ कोटी १२ लाखांना परत घेतले. बाजार किती लवकर उतरतो ते मात्र चढाईपटू परदीप नरवालच्या आकड्यांत बघा : २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख, २०२२ मध्ये ९० लाख, २०२४ मध्ये ७० लाख, आणि २०२५ च्या लिलावात कोणीच घेतले नाही, त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. डुबकी मारून तीन-तीन गडी बाद करणाऱ्याची ही गत.

प्रश्न : आमच्या इथं एक जुना गडी हाये. मातीवर अजूनई भारी खेळते, पण मॅटवर उतरला का त्याचा गुडघा दुखते. यंदा त्याले संघात घ्याच म्हणून पोट्टे मांगं लागले. जिल्ह्याच्या स्पर्धा मॅटवरच हायेत. घ्याव का नाई?
– एक व्यवस्थापक, ता. अकोट, जि. अकोला

उत्तर : भाऊ, दोष बहुतेक वेळा मॅटचा आणि बुटाचा मिळून असतो. मातीवर अनवाणी पाय वळताना थोडा घसरतो आणि गुडघ्यावरचा पीळ सुटतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट चिकटून बसतो. अंग वळते, पाय वळत नाही, आणि तो सगळा पीळ गुडघा घेतो. धावायचे उंच टाचेचे बूट तर मॅटवर घालूच देऊ नका. पातळ, सपाट तळव्याचे बूट घ्या आणि सामन्याआधी आठ-दहा दिवस सरावात वापरून त्यांची नवी पकड जरा मरू द्या.

पण आधी दुखणे कोणते ते ओळखा. गुडघा मध्येच सटकतो का? वाकलेला असताना अडकतो का? खेळल्यावर काही तासांत सुजतो का? यातले एकही असेल तर संघात नाव घालायच्या आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. अस्थिबंध किंवा गादी फाटलेली असू शकते आणि तिथे पट्टा बांधून काही होत नाही. यातले काहीच नसेल आणि वाटीच्या खाली, उडी मारताना किंवा बसून उठताना दुखत असेल, तर बहुधा स्नायूबंधावर ताण आहे. त्याला भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे ४५ सेकंद बसवा, असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. हे रोज. आठवडाभराने बरे वाटते, पण पूर्ण भरायला महिने लागतात, आणि बरे वाटले की गडी हमखास व्यायाम सोडतो.

मैदानावरची तपासणी अशी : एका पायावर सलग तीन उड्या मारायला लावा आणि अंतर टेपने मोजा. मग दुसऱ्या पायावर. दुखऱ्या पायाचे अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी आले, म्हणजे चांगल्यावर ५ मीटर आणि दुखऱ्यावर साडेचार मीटरच्या आत, तर यंदा त्याला मॅटवर नको. मातीच्या स्पर्धांना न्या. दुखण्याची गोळी देऊन उतरवू नका, दुखणे हीच गुडघ्याची सूचना असते.

रात्रीच्या सामन्यांत पौष-माघात मॅटवर दव बसते. प्रत्येक सामन्याआधी कोरड्या कापडाने पुसून घ्यायला आयोजकांना सांगा. आणि राखीव बसलेला जुना गडी थंडीत अर्ध्या कपड्यांवर बसू नये. आत जायच्या आधी त्याचे अंग पुन्हा गरम झालेले हवे.

प्रश्न : खेळाडू सरकारी नोकरीत आहे. मंडळाशी लेखी करार करावा का? पैसे रोख दिले तर चालतात का?
– ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : आधी त्याच्या कार्यालयाचे लेखी ना-हरकत पत्र, मग बाकीचे. खात्याच्या संघातून तो खेळत असेल तर एकाच स्पर्धेत दोन संघांकडून नाव जाणार नाही, याची खात्री तुम्हीच करा. नाव दोनदा सापडले की बहुतेक आयोजक संघच बाद करतात. करारासाठी वकील नको. कार्यकारिणीचा ठराव इतिवृत्तात लिहा, त्यात स्पर्धांची नावे, टप्प्यांप्रमाणे रक्कम, प्रवासखर्च आणि दुखापत झाल्यास काय, हे चार मुद्दे येऊ द्या, आणि त्याची प्रत सहीनिशी त्याला द्या. पैसे मंडळाच्या खात्यातून द्या. रोख देणे भागच पडले तर पावती घ्या. रक्कम ५ हजारांच्या वर असेल तर तिच्यावर एक रुपयाचे रसीद तिकीट लागते.

प्रश्न : मी स्वतः ३४ वर्षांचा चढाईपटू. माझे मंडळ ‘बघू, दिवाळीनंतर बोलू’ म्हणते. दुसऱ्या गावचे मंडळ आत्ता आगाऊ पैसे द्यायला तयार आहे. मन इथेच आहे. काय करावे?
– एक खेळाडू, ता. तुमसर, जि. भंडारा

उत्तर : ‘बघू’ला तारीख लावा. तुमच्या भागात मंडईचे दिवस सुरू झाले की स्पर्धाही सुरू होतात, म्हणून पहिल्या प्रवेशिकेच्या अंतिम मुदतीआधी दहा दिवस ही तुमची तारीख. ती मंडळाला तोंडी नको, अध्यक्ष-सचिव दोघांना लिहून कळवा, आणि दुसऱ्या गावाकडून विचारणा आहे हेही सांगा, पण त्यांचा आकडा सांगू नका. आकडा सांगितला की तुमचे मंडळ त्याच्या खाली शंभर रुपयांवर येऊन थांबेल.

तोपर्यंत कोणाकडूनही आगाऊ घेऊ नका. दोन्हीकडून घेतलेले पैसे हे गावात सर्वांत लवकर पसरणारे गुपित आहे.

रकमेपेक्षा तीन गोष्टी आधी मागा : किती चढायांची भूमिका देणार, प्रवास-जेवण कोणाकडे, आणि दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते आणि ती घ्यावीच, पण तिच्यात अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व धरतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे बिल तिच्यात बसत नाही. ‘विमा आहे ना’ असे मंडळ म्हणाले तर कोणता, ते विचारा.

वजनाकडेही बघा. वरिष्ठ पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो. खेळ सुटलेल्या महिन्यांत वाढलेले चार-पाच किलो आदल्या दिवशी उपाशी राहून, पाणी तोडून उतरवणारे चौतिशीत सामन्याच्या मध्यावर पेटके येऊन बसतात. आठवड्याला अर्ध्या किलोच्या हिशेबाने आजपासून सुरुवात करा.

प्रश्न : परत आलेल्या खेळाडूला त्याचा जुना जर्सी क्रमांक हवा आहे. तो आता दुसऱ्या पोराकडे आहे. वाद मिटेना.
– ता. मोताळा, जि. बुलढाणा

उत्तर : ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहू द्या. त्याने आपणहून दिला तर वेगळे, तुम्ही सांगून काढून घेऊ नका. काहीही ठरले तरी प्रवेशिका भरण्याआधी ठरवा, कारण सामन्यात नोंद नावाने नाही, क्रमांकाने होते. मधेच जर्सी बदलली तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर चढतात, आणि वर सांगितलेला चढायांचा हिशेब पुढच्या वर्षी जुळणार नाही.